चार बोटं जास्त

माझी धाकटी पाच वर्षांची झाली तरी तिला नवा फ्रॉक कधी शिवला नव्हता. मोठीचे जुने निघायचे, तेच तिला घालायचे. पडून राहणाऱ्या लेकराला नवे कपडे कशाला, असं घरात कोणी तोंडानं बोललं नाही. मीच मनात धरलं होतं. आज लिहितानाही लाज वाटते. मोठीचं मात्र सगळं वाढत्या अंगाचं. फ्रॉक शिवला की खाली चार बोटं दुमड ठेवायची, चप्पल घेतली की पुढं अंगठाभर जागा. आमच्या आदिलाबादजवळच्या जैनथकडं सगळ्याच आया असं करतात. मी शाळेत शिकवणारी असले म्हणून काय झालं, त्यांच्यातलीच.

धाकटीचे पाय जन्मापासून ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. बोलणं तुटक, ते फक्त मला आणि मोठीला कळायचं. आदिलाबादच्या शिबिरात तिला नेलं, तेव्हा फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिचे खुबे दाबून पाहिले, सेरेब्रल पाल्सी म्हणाल्या आणि तेलुगू वळणाच्या हिंदीत मला सांगितलं, "अम्मा, इसको रोज खडा करना. नहीं तो हड्डी सरक जाएगी, बाद में बैठने को भी नहीं आएगा." कागदावर त्यांनी एक चौकट काढून दिली. पाठीला फळी, छाती-कंबर-गुडघ्यांना पट्टे, पुढ्यात लहानसं टेबल. त्यात पोरीला बांधून उभं करायचं आणि दोन महिन्यांनी दाखवायला आणायचं. पोरगी चालणार नाही हे मी केव्हाच गिळलं होतं. पण उद्या बसताही येणार नाही, हे काही गिळवेना. बसमध्ये तिला मांडीवर घट्ट धरून मी रडत आले.

आमच्या गावचा सुतार म्हातारा. वखर, तिफण आणि दाराच्या चौकटी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यानं पोरीला खाटेवर निजवलं, टाचेपासून सुतळी लावली आणि गुडघा, कंबर, छाती अशा गाठी मारल्या. मी म्हटलं, "मामा, प्रत्येक गाठ चार बोटं वर घ्या."

"कायले वो टीचरबाई? चौकट त नेमकी लागते."

"दार वाढते काय, मामा? पोर वाढते!"

माझ्या नाकावर राग, हे साऱ्या गावाला ठाऊक. म्हाताऱ्यानं गाठी वर सरकवल्या. खरं सांगते, त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं! या पोरीसाठी वाढत्या अंगाचं काही मागायची ती माझी पहिलीच वेळ.

सागवानाची चौकट आली. सकाळ-संध्याकाळ तिला त्यात बांधायची आणि ती गळा काढायची. "माय, दुखते. माय, सोड." मी कसली ऐकते! "काऊन रडून राह्यली? नखरे नको करू. हाडं सरकली म्हणजे मंग रडजो!" एकदा तर तिच्या गालावर चापट मारली. काखेत लाल वळ उठायचे, त्यांना खोबरेल लावायची आणि संध्याकाळी पुन्हा बांधायची. तिची टाच तशीही कधी खाली टेकत नसे, पंजावरच ताठ असायची, म्हणून पायाकडं मी पाहिलंच नाही.

दोन महिन्यांनी चौकट बसच्या टपावर टाकून आम्ही शिबिराला गेलो. मॅडमनी पोरीला बांधायला लावलं, खाली बसल्या आणि तिच्या टाचेखालून आपला हात आरपार घातला. मग माझ्याकडं पाहिलं. "अम्मा, ये खडी नहीं है. लटकी है."

मी चार बोटांचं सांगितलं. "अय्यो! ये फ्रॉक है क्या, अम्मा?" त्या म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी पोटच्या पोरीला केलं होतं. दोन महिने लेकरू काखेतल्या पट्ट्यावर लोंबकळत होतं, आणि वरून बोलणी माझीच. तिथंच, सगळ्यांसमोर, मी तिच्या पायांवर डोकं टेकलं.

सुतारमामाकडं गेले ती टोमणा ऐकायची तयारी करूनच. "मी म्हणलं होतं," एवढं म्हणायचा त्याला हक्क होता. तो म्हणाला नाही. बोटभर जाडीची चार फळकुटं कापली आणि एकावर एक पायाखाली बसवली. "एक बोट वाढली का एक काढजा," म्हणाला. पोरीला उभं केलं. तिचा पंजा हळूहळू सैल पडला आणि टाच लाकडावर टेकली. ती रडली नाही. बराच वेळ खाली पायाकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "उभी."

"व्हय वो माय माही, उभी!" मी ओरडलेच.

मग ती रोज उभी राहू लागली. टेबलावर मोठी तुरीच्या शेंगा ओतायची, दोघी सोलायच्या. धाकटीच्या दहा शेंगांतल्या आठ खाली पडायच्या, आणि त्या उचलायला ती मोठीला हुकूम सोडायची. रागाच्या बाबतीत बाई माझ्यावरच गेली होती.

दुसऱ्या वर्षी तुरी आल्या तेव्हा ती एक दिवस पुन्हा कुरकुरली. "माय, दुखते." या वेळी मी तोंड उघडलं नाही, आधी खाली वाकले. टाच टेकलेली होती, पण पट्टे खाली उतरल्यासारखे दिसत होते आणि गुडघ्यात वळ पडला होता. मामाला बोलावलं. त्यानं नीट पाहिलं, वरचं फळकूट ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाढली वो, बाई."

त्याच दिवशी तिला कडेवर घेऊन मी टेलरकडं गेले. त्यानं टेप काढला, तिच्या खांद्याला लावला, आणि माप लिहून घ्यायला लागला. माझ्या कडेवरून ती त्याला म्हणाली, "चार बोतं जात्त."

टेलरला ते कळलं नाही. मी त्याला सांगितलं.