शिनोलीच्या रत्नाचा सत्कार

रत्ना बोऱ्हाडेला शिनोलीत कुणी ऑटिस्टिक म्हणत नाही. लहानपणापासून ती 'हौशीरामाची घुमी पोर', आणि मास्तरांपासून तिला बघायला येऊन गेलेल्या स्थळांपर्यंत सगळ्यांनी तेवढ्यावरच समाधान मानलं होतं. ऑटिझम हा शब्द तिला पुण्यात एम.ए. करताना भेटला. मानसशास्त्राच्या पुस्तकातली लक्षणं वाचताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्या घरी येऊन हे लिहून नेलंय. पण दारातच उभं राहून लिहिलंय, आत काही आलेलं नाही.

पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि पुण्यातल्या एका संस्थेने तिला कामावर घेतलं. जुन्नर आणि आंबेगावातल्या गावांत मोठ्या वयाची ऑटिस्टिक माणसं कशी जगतात, याचा अभ्यास करायचा होता. प्रमुख होत्या मृणाल मॅडम. बाई मनाने चांगल्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते कुणी वाईटपणाने केलेलं नाही. वाईटपणाने केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

रत्नाच्या आधी जे लोक या कामाला गावात येऊन गेले, ते ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि आईला नाहीतर भावाला प्रश्न विचारायचे. ज्याच्याबद्दल विचारायचं तो दाराआड उभा. रत्नाला चहापाण्याच्या गप्पा जमतच नाहीत. ती सरळ मागच्या दाराने गोठ्यात नाहीतर खळ्यात जायची आणि तिथला माणूस जे करत असेल ते त्याच्या शेजारी बसून करू लागायची. बोलायची घाई तिलाही नव्हती आणि त्यालाही. अशी अकरा माणसं तिने मिळवली.

त्यातला एक आळे गावचा बहिरू. वय तिशीच्या पुढे, तोंडाने कधी बोललेला नाही. थोरल्या भावाकडे राहतो, कांदा साठवायच्या चाळीत बसून सडका कांदा वेगळा काढतो. जवळ एक जुना मोबाइल. त्यावर तो टाइप करतो, पण घरचे त्याला मोबाइलचा नाद म्हणतात आणि वाचत नाहीत. रत्ना त्याच्याबरोबर कितीतरी दुपारी कांदे निवडत बसली. हाताचा वास एसटीत शेजारणीला यायचा आणि ती तोंड फिरवायची. एक दिवस बहिरूने फोन तिच्यापुढे सरकवला.

'घरी पावणे आले की मला आत बसवतात. मला पावणे आवडतात.'

रत्नाने ते वाचलं. त्याने फोन परत घेऊन खाली आणखी लिहिलं, 'वैनीला सांग.'

"तूच दाखव की," रत्ना म्हणाली.

'माझं खरं धरत न्हाई. मोठ्या ठिकाणी सांग.'

मोठं ठिकाण ठरलेलंच होतं. अभ्यास संपल्यावर जुन्नरला एका सभागृहात कार्यक्रम होणार होता, आणि त्यात रत्नाला दहा मिनिटं बोलायचं होतं. मॅडमनी तसा शब्द दिला होता. रत्नाने बहिरूला शब्द दिला. वहिनीला घेऊन ये, मी सगळ्यांसमोर सांगते.

कार्यक्रमाच्या दिवशी बहिरू इस्त्रीचा शर्ट घालून आला. वहिनीने त्याला शेवटच्या रांगेत कडेला बसवलं. तिथे तो पुढेमागे झुलत स्टेजकडे बघत होता. रत्ना दुसऱ्या रांगेत, मांडीवर भाषणाचे कागद. पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार झाले. आपल्याकडे दोन तास सत्कार चालतात आणि वेळ उरला तर कार्यक्रम होतो. त्या दिवशी तो उरला नाही. निवेदकाने माइकवर सांगितलं की वेळेअभावी अभ्यासाची माहिती मृणाल मॅडमच थोडक्यात देतील.

रत्नाने कागदांची घडी घातली. पुन्हा उघडली.

पडद्यावर तिचीच वाक्यं येत होती. मॅडम ती छान वाचत होत्या, पण भराभर, आणि बहिरूचं वाक्य जिथे होतं ते पान त्यांनी पुढे ढकललं. "आम्ही एकूण बारा जणांना भेटलो," मॅडम म्हणाल्या. रत्नाला वाटलं, बोलण्याच्या ओघात चुकलं. ती हाताने अकरा अशी खूण करणार, तोच मॅडम तिच्याकडे बघून हसल्या.

"आणि या बारांपैकीच एक आज आपल्यात बसलीय. इतक्या अडचणींवर मात करून ती आमच्याबरोबर काम करतेय. शिनोलीची कन्या, रत्ना बोऱ्हाडे!"

टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी उठा उठा केलं तशी ती उठली. स्टेजवर तिच्या खांद्यावर शाल आली, एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ. शाल लोकरीची होती. लोकर रत्नाला मानेला सहन होत नाही, आणि हे टोचणं त्या अकरांतल्या कुणीही ओळखलं असतं. फोटोसाठी तिला वर बघायला सांगितलं. तिने बघितलं.

"रत्ना, दोन शब्द बोल ना," मॅडम म्हणाल्या आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

कागद खाली खुर्चीवर राहिले होते. पण बहिरूचं वाक्य सांगायला कागद लागत नव्हता. ते तिला पाठ होतं. शेवटच्या रांगेत बहिरू झुलायचा थांबला होता आणि वहिनीसुद्धा मान उंच करून ऐकत होती. पण नारळ हातात घेतलेल्या माणसाने काय बोलायचं असतं हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं, आणि रत्नालाही. तिला स्वतःचं तोंड दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यासारखं बधिर झालेलं जाणवलं.

"धन्यवाद," ती म्हणाली.

सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

खाली उतरल्यावर तिने मॅडमना गाठलं. "मॅडम, आपण अकरा जणांना भेटलो. बारावं कोण?"

"अगं, तूच!" मॅडमनी तिचा दंड प्रेमाने दाबला. "आपला या अभ्यासावरचा लेख जर्नलकडून परत आला होता ना. परीक्षकांचं म्हणणं, संशोधक स्वतःच ऑटिस्टिक असेल तर ती तटस्थ कशी राहणार? मग आम्ही तुला सहभागी व्यक्तींत घेतलं. तुझा अनुभवही आला आणि तुझं कामही वाया गेलं नाही. आभारात तुझं नाव सगळ्यात वर आहे हं."

रत्ना बरं म्हणाली. राग यायला हवा होता, हे तिला कळत होतं. तो येतोय का म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. काहीच आलं नाही. मान तेवढी खाजत होती.

जेवायला मासवडी होती. मांडवात पाहुण्यांची पंगत बसत होती. रत्ना तिकडे वळली, तशी एक कार्यकर्ती लगबगीने आली. "ताई, तुमची सोय आतल्या खोलीत केलीय. तुम्हा लोकांना गर्दीचा त्रास होतो ना." शांत खोली असावी, ज्याला हवी त्याने वापरावी, असं अहवालात रत्नानेच लिहिलं होतं. त्यातलं अर्धं अगदी मनापासून पाळलं गेलं होतं.

आतल्या खोलीत बहिरू एकटाच ताटापुढे बसला होता. त्याने काही खाल्लं नव्हतं. रत्ना समोर बसल्यावर त्याने फोन उचलला.

'बोलली न्हाईस.'

"न्हाई," रत्ना म्हणाली.

त्याने बराच वेळ घेऊन पुढचं टाइप केलं. 'वैनी ऐकत व्हती.'

रत्ना उठली. खांद्यावरची शाल तशीच घेऊन दाराशी गेली. बाहेर वहिनी ओळखीच्या बायकांत ताट घेऊन बसली होती. रत्ना तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे पाहुणे आले की बहिरूला आत बसवत जाऊ नका. त्याला पाहुणे आवडतात. त्याने मला लिहून सांगितलंय."

बायका खायच्या थांबल्या. वहिनीने आधी तिच्याकडे बघितलं, मग शालीकडे, आणि समजूतदारपणे हसली.

"लई गुणाची गं बाई. मगाशी टेजवर बी किती ग्वाड बोलली. भावजीला बी तुझ्यासारखंच हाय, म्हून तुला माया येती त्याची. बरं बरं, नाय बसवत. आता तू बी आत निवांत बस, ताई. हितं लई गलका हाय."

रत्ना आत आली आणि ताटापुढे बसली. मांडवातून वाढप्यांची हाकाटी ऐकू येत होती. बहिरूने फोन तिच्यापुढे धरला.

'वैनी काय म्हणली?'

"आत बस म्हणाली," रत्ना म्हणाली.