धमनीतली मित्रकीड

बाबांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट ठणकावून सांगितली होती, गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी नेरजवळच्या आमच्या गावी गेले की बाबा विचारत, "नळी साफ झाली ना? मंग गोळ्या कायले?"

मी यवतमाळला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. धमन्यांच्या भिंतीतल्या पेशींवर संशोधन करण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. धमनी म्हणजे ठिबक सिंचनाची नळी नव्हे, की आम्ल सोडलं आणि साचलेला क्षार निघून मोकळी झाली. तिच्या भिंतीत चरबी मुरते आणि ती आवरायला पांढऱ्या पेशी जमतात. त्यांच्यातही नाना जाती. काही चरबी गिळून फुगतात, काही जळजळ वाढवतात, काही ती शांत करतात.

हे बाबांना कसं सांगावं? त्यांनी जन्मभर कपाशी पिकवली, म्हणून मी कपाशीवरच आले. म्हटलं, "वावरात सगळे किडे वैरी नसतात ना, तसंच हाय. तुमच्या नळीतबी मित्रकीड असते." बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या खेपेला पाहते तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. आई म्हणाली, "तूच सांगतलं म्हणे." मी? बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "फवारा मारला का मित्रकीडबी मरते. म्हून बंद केल्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. पेशींच्या जाती निवडत डोळे फोडले ते यासाठी? डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता सुरू करा. मग पुन्हा समजावणं आलं. बाबा, ही फवारणी नव्हे, या गोळ्या पेशी मारत नाहीत. एक चरबी कमी करते, दुसरी स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ देत नाही. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि परत म्हणायचे, "पण मित्रकीड..."

शेवटी माझा तोल सुटला. "बाबा, तुम्ही मरून जासान. मले तुमच्याबिगर राहाचं नाही."

मी चक्क रडत होते. बाबांनी गांगरून आईकडे पाहिलं. मग पाकीट फोडलं, गोळी पाण्यासोबत गिळली आणि म्हणाले, "हे पयले सांगाचं ना. किडे कायले सांगत बसली?"