काखेतला कॅन

आमच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावात पाहुण्याने "काय जेवलात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "म्हावरा." मग चुलीवर नुसता भात का असेना! कोळणीने घरात मासळी नाही म्हणायचं म्हणजे नाकच कापलं जायचं. त्यामुळे ऐंशीच्या दशकात आमच्या प्रयोगशाळेने गावातल्या बायकांच्या आहाराची पाहणी केली, तेव्हा माझ्या आईसकट सगळ्याच रोज मासळी खाणाऱ्या निघाल्या.

पण आम्ही लघवीही तपासणार होतो. खाल्लेल्या प्रथिनांचा नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, आपण तोंडाने काहीही सांगितलं तरी. त्यासाठी पूर्ण दिवसाची लघवी कॅनमध्ये जमवायची. मी गावचीच पोर, तेव्हा बायकांना पटवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आई आधी हसली, मग चिडली, आणि शेवटी डोक्यावर मासळीची पाटी अन् काखेत फडक्यात गुंडाळलेला कॅन घेऊन बाजाराला निघाली.

नायट्रोजन फारच कमी आला. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "बायकांनी अर्धी लघवी बाहेरच केली असणार. टाकून द्या ते कॅन."

माझा पारा चढला. बाजारात आडोसा शोधत फिरलेल्या त्या बायका माझ्या होत्या. "आधी क्रिएटिनिन बघू, सर," मी म्हटलं. शरीर ते लघवीतून रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं, त्यामुळे कॅन अर्धवट असला की तेही कमी भरतं. सर्वांदेखत तपासलं. एकीचंही कमी नव्हतं. सरांनी मुकाट्याने सगळे कॅन ठेवून घेतले आणि माझी मान ताठ झाली.

घरी जाताना मात्र त्याचा दुसरा अर्थ उमगला. लघवी पुरी होती, म्हणजे जेवणच अपुरं होतं.

"आई, तू मासळी खात नाहीस."

"कोनी सांगला?"

"तुझ्या कॅनने."

ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "बरा म्हावरा इकाचा, उरला तं पोरांना. मना कालवनाचा पानी पुरं." त्याच विकलेल्या मासळीवर मी रसायनशास्त्र शिकले होते. मी रडले, भांडले, तिला ताटावर बसवून बजावलं, रोज एक तरी मासा स्वतःसाठी ठेवायचा. ती ताट उचलून घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिच्याबरोबर बाजारात गेले. एका गिऱ्हाइकाने पाटीतल्या सगळ्यात महागड्या माशावर, जिताड्यावर बोट ठेवलं. आईने तो उचलून मागे, माझ्या हातात दिला.

"ह्यो इकाचा नाय," ती म्हणाली. "ह्यो मना हाय."