मासोळीचा दगड

उकंडराव मिस्त्री वेशीखालून कधी सरळ गेले नाहीत. दारव्ह्याची जीप पलीकडे हॉर्न वाजवत असली, तरी आधी ते कमानीच्या डाव्या अंगाला वळत, दगडांच्या खालच्या सांध्यावर पालथा हात ठेवत आणि म्हणत, "अजून ओलंच हाय."

मी गावात इतिहास शिकवायचो. एकदा मुलांना वेस दाखवत होतो: टोकदार कमान, दोन बुरूज, पहारेकऱ्यांच्या देवड्या, बांधणारा सुलतान. मागून मिस्त्री बोलले, "राजाचं तुमी सांगतलं, सर. ज्यानं दगड बसोला त्याचं कोन सांगन?" त्यांनी डावीकडच्या दगडावर कोरलेली बोटभर मासोळी दाखवली. कुण्या पाथरवटाची ती खूण. इतकी वर्षं मला ती दिसली नव्हती.

तरुणपणी वेशीचे सांधे त्यांनीच सिमेंटने भरले होते. गावाने नारळ देऊन सत्कार केला. पण सांध्यांतल्या जुन्या चुन्यातून बाहेर पडणारं पाणी सिमेंटने आत कोंडलं आणि दगडांचे पापुद्रे सुटू लागले. हे उमगल्यापासून ते रोज छिन्नीने सिमेंट काढून बेलफळाच्या गरात मळलेला चुना भरत.

"मिस्त्री, खोदून राह्यले, सोनं सापडलं का?" समोरचा चहावाला विचारायचा.

"सापडलं न बाप्पा. माही चूक सापडली."

मी म्हणायचो, "जरा बसा."

"बसलो का तिकडं दगड झडते, सर."

मासोळीचा दगड मात्र त्यांनी शेवटासाठी मागे ठेवला होता. त्याचेच पापुद्रे सगळ्यांत जास्त सुटले होते. एक घाव चुकला, तर मासोळीच खाली येणार. "तिच्यापाशी जाची हिंमत होत नाही," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात ते गेले. रिवाजाप्रमाणे तिरडी वेशीत टेकवली, खांदे बदलले. पहिल्यांदाच ते सांध्याला हात न लावता पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, छिन्नी माझ्या हातात दिली. "न्या सर. घरात दिसली का वाटते, ते आताच उठतीन."

माझा हात खडूचा. कितीतरी दिवस छिन्नी पिशवीतच राहिली. आज सकाळी मासोळीच्या दगडाच्या सांध्यातून नखाएवढं सिमेंट निघालं. मासोळी शाबूत आहे. मी पालथा हात ठेवला. ओलंच होतं.

पलीकडे जीपवाला माझ्यासाठी हॉर्न वाजवत होता.