शनिवारचं तेल

ह्यांच्या साडेसातीत मी नेम धरला होता, शनिवारी घरात तेल विकत आणायचं नाही. साडेसाती सरली, नेम राहिला. तेव्हा डोळ्यांसमोर शेंगदाण्याचं तेल होतं. गाडीलाही तेल लागतं हे कुठे डोक्यात! आमच्या जुन्या गाडीचे किस्से साठत गेले ते तिथून.

*

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी शांतिशेठचं स्पेअर पार्टचं दुकान. ह्यांची सुट्टी शनिवारी. हे ऑइल आणायला निघाले, मी दारात आडवी.

"अहो, आज तेल नको."

"मी त्यात भजी तळणार नाहीये."

"असू दे. उद्या आणा."

उद्या ऑफिस! सर्व्हिसिंग पुढेच जात राहिलं. इकडे आमची मीनल विश्रांतवाडीत एकटी, आठवा महिना सरत आलेला, जावई बाहेरगावी. माहेरी ये म्हटलं तर, "आई, नववा लागला की रजा घेते." मधेच काही झालं तर आमचीच गाडी.

*

शेवटी एका संध्याकाळी हे दुकानात गेले. मी भाजीची पिशवी घेऊन मागे.

"शेठ, जाड ऑइल द्या. गाडी म्हातारी झालीय."

"गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तक कोण उघडतं?"

"कंपनीनं हौस म्हणून छापलं असेल. घरी जा, बघून या."

गेलो, बघून आलो. ५डब्ल्यू-३०, म्हणजे पातळ ऑइल. शेठ म्हणाले, "गार इंजिनात जाड तेल वर चढायला वेळ लागतो. तोवर आतले भाग कोरडे घासतात." मला आपली मीनलच दिसत होती. घाईत गाडी काढायची आणि तेल वर चढायची वाट बघायची?

*

"ऑइलचा फिल्टर पुढच्या वेळी," हे म्हणाले.

"आंघोळ करून परत तेच कपडे?" मी म्हटलं.

तेव्हा ह्यांना माळ्यावर पडलेला एक नवाकोरा फिल्टर आठवला. दुसऱ्याच गाडीचा. "आटे बसतात की!" म्हणत स्वतःच लावला. आटे बसले, रबराची कड बसली नाही. गाडीखाली काळे ठिपके दिसायला लागले.

"जुनेच आहेत ते."

मी खाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी त्यावर पुरीएवढा डाग.

"बरं, शनिवारी बदलतो. फिल्टरला तरी तुझी हरकत नाही ना?"

*

त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मीनलचा फोन. "आई, पोटात दुखतंय गं. कॅब मिळत नाहीये."

ह्यांनी गाडी सुरू केली तर ऑइलचा लाल दिवा. बंद करून तेल मोजायची दांडी काढून पाहिली, टोकाला जेमतेम ओल. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच दुकानाकडे पळाले.

"शेठ, तेच ऑइल द्या. आणि आमच्याच गाडीचा फिल्टर."

शेठनी डबा काढला आणि त्यावर हात ठेवून थांबले. "ताई, आज शनिवार."

"शनीला वाहायचं तेल शनिवारीच घेतात ना?"

"घेतात."

"मग द्या."

शेठ स्वतः आले. फिल्टर बदलला, डब्याचं झाकण उघडलं. मग ओतायच्या आधी त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

दिवा विझला. मीनल जिन्याच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. दुपारी नात झाली, जरा घाईची, पण रडली खणखणीत.

तुमच्या घरी कुणाचे दिवस भरत आले असतील तर तुम्हीही एवढा नेम धरा: पुस्तकातलंच ऑइल, आपल्याच गाडीचा फिल्टर, आणि रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की गाडीखाली एक नजर.