कुऱ्हाडीवरची बोटं

नगरच्या आमच्या छोट्या संग्रहालयात तांब्याच्या जुन्या वस्तूंची देखभाल माझ्याकडे आहे. देखभाल कसली, राखणच ती. तांब्यात एकदा मीठ शिरलं की ते दबा धरून बसतं आणि हवेत ओल आली की पोपटी पूड होऊन वर येतं. वेळीच काढलं नाही तर वस्तू पार पोखरून टाकतं.

कोल्हारजवळच्या एका शेतकरी कुटुंबानं तळहाताएवढी तांब्याची कुऱ्हाड आणून दिली, तेव्हा मी मनातून चिडलेच होते. नांगरताना सापडलेली ही हजारो वर्षांपूर्वीची वस्तू त्यांनी कित्येक वर्षं देव्हाऱ्यात ठेवली होती आणि दर खंडेनवमीला चिंच-मीठ लावून लख्ख घासली होती. घरची सून हे कौतुकानं सांगत होती. मी कपाळाला हात लावला.

मग माझी दर सोमवारची तपासणी सुरू झाली. भिंगातून बघायचं, कुऱ्हाडीवर पारदर्शक कागद धरायचा, पोपटी ठिपके दिसले तर ते उतरवून घ्यायचे. पावसाळा लागला आणि ठिपके उठू लागले. घाम फुटल्यासारखे ओलसर. ऑगस्टमध्ये मी सगळे कागद एकावर एक ठेवले. एका बाजूला तीन ठिपके, पहिल्या दोहोंमध्ये रिकामी जागा. उलट्या बाजूला एकच, मोठा.

हातमोजा घालून मी डाव्या हातात कुऱ्हाड धरली. अंगठा त्या मोठ्या ठिपक्यावर बसला. तर्जनी बसली, शेवटची दोन बोटं बसली. मधल्या बोटाखाली मात्र काहीच नव्हतं. भरदुपारी, पंखा गरगरत असताना, माझ्या अंगावर काटा आला. मी घाबरले, उगाच का लपवू? पुढचे काही दिवस मी त्या टेबलाकडे पाठ करून बसले नाही.

शेवटी मी त्या सुनेला बोलावून कागद दाखवले. तिनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"ह्यो हात आत्याबाईंचा हाय."

तिच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्यांचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत, अर्धं गेलेलं. कुऱ्हाड त्या कुणालाच घासू देत नसत. डाव्या हातात गच्च धरून स्वतः घासायच्या. बोटांखाली साचलेलं मीठ नीट धुतलं जात नसणार, असं मी समजावलं. तिला कमी, स्वतःलाच जास्त.

"पुसू नगा म्हनलं तर?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, मग दोन-चार पावसाळ्यांत कुऱ्हाडच उरणार नाही. जाताना तिनं कुऱ्हाडीवरच्या काचेवरून हात फिरवला.

भिंगाखाली सुईनं मी ती बोटं एकेक करून खरवडली. कित्येक आठवडे कुऱ्हाड शुद्ध पाण्यात ठेवली, औषध लावलं, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह डबीत बंद केली. पुढच्या पावसाळ्यात एकही ठिपका उठला नाही. काम फत्ते झालं होतं.

तेव्हा ती पुन्हा आली, सोमवारीच. डबीकडे खूप वेळ बघत राहिली.

"आता न्हाई येत व्हय त्या?"

नाही, म्हणाले.

ती गेल्यावर मी नोंदवही उघडली. ठिपके नसले की तिथे 'निरंक' लिहायचं असतं. एरवी तो शब्द मी खुशीत लिहिते. त्या दिवशी लिहवेना.