गळ्यातला दोरा

बसवराजचा आकडा खाली यायलाच तयार नव्हता.

तो लातूरजवळच्या मुरुडकडचा. दुष्काळात मोटारसायकलला पाण्याच्या घागरी बांधून आणताना घसरला आणि डोक्यावर आपटला. लातूरला आमच्या आयसीयूत आणला तेव्हा बेशुद्ध होता. मी तिथं आया आहे.

डोक्याला जबर मार लागला की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, ती काही पसरत नाही. मग आतला दाब वाढतो आणि मेंदू चेपतो. म्हणून डॉक्टरांनी कवटीला बारीक भोक पाडून आत वायर सोडली होती. दाब मॉनिटरवर दिसायचा. वीसच्या आत हवा. त्या सकाळी तीसच्या वर गेला.

औषध चढवलं. उशाकडची बाजू उचललेलीच होती. नळ्या तपासल्या. आकडा हलेना. शेवटी डॉक्टरांनी गळ्यावरची चादर बाजूला केली.

"हे कुणी बांधलं?"

"म्या," दाराशी उभी असलेली त्याची आई म्हणाली. ती माणसं लिंगायत; कॅज्युअल्टीत त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तिच्याकडं दिलं होतं. भेटीच्या वेळेत तिनं ते परत घातलं. सुजलेल्या मानेवरून निसटू नये म्हणून दोऱ्याचे दोन वेढे दिले.

"आजी, डोक्यातलं रक्त मानेतून खाली उतरतं. मान आवळली की वरच तुंबतं. सिस्टर, कापा."

"म्हंजी माझा देव त्याला मारायलाय का?"

"देव नाही, दोरा."

सिस्टरनं दोरा कापला. डॉक्टर म्हणाले, "लिंग लॉकरमध्ये ठेवा."

"लॉकरला काय जीव हाय, साहेब? आमच्यात लिंग अंगावर न्हाई तो मेल्यातच जमा."

मग ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "डाव्या तळहातावर बांधा. पूजेला तितंच घेतात."

सलाईन उजव्या हाताला होतं. डॉक्टर हो म्हणाले. मी त्याची बोटं मिटून धरली, सिस्टरनं बँडेज गुंडाळलं. आकडा उतरत उतरत अठरावर आला. आम्हाला हायसं वाटलं. म्हातारीनं मॉनिटरकडं पाहिलंच नाही. ती त्या हाताकडं बघत होती.

पुढं सूज पुन्हा वाढली. या वेळी गळ्यात काही नव्हतं. बसवराज गेला.

अंग पुसून झाल्यावर मी हाताचं बँडेज सोडायला लागले. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"राहू दे बाई. आमच्यात जाळत न्हाईत, मातीत बसवून पुरतात. तवा लिंग त्याच हातात ठेवतात."

ती जागा सांगायला तिला इतका वेळ का लागला होता, ते मला तेव्हा कळलं.

आता डोक्याचा पेशंट आला की मी आधी मान चाचपते. चेन, ताईत, काळा दोरा, जे असेल ते सिस्टरला दाखवून लगेच सोडवते. पण ठेवायचं कुठं, ते घरच्यांना विचारते. उत्तराला वेळ लागला तर थांबते.